सात दिवस तोडू नये

माझा मामा एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत होता. वर-खाली जाणाऱ्या त्या लोखंडी पेटीशिवाय त्याला दुसरा विषय नव्हता, आणि निवृत्त झाल्यावर तोही संपला. पहिले दोन महिने तो घरातल्या बिजागऱ्यांना तेल घालत फिरला. सगळी दारं इतकी मुकी झाली की मामी मागे कधी येऊन उभी राहिली ते त्याला कळेना.

"अहो, आता माझ्या गुडघ्यांना घाला तेल," मामी म्हणाली. "घरात तेवढेच कुरकुरायचे राहिलेत."

मग एक दिवस तो गच्चीवर गेला. पाच मजल्यांच्या त्या इमारतीत लिफ्टचं यंत्र गच्चीवरच्या खोलीत होतं, म्हणून गच्चीची किल्ली मामाकडेच असायची. पाण्याच्या टाकीखाली, सिमेंटच्या भेगेत, टोमॅटोचं एक रोप आलं होतं. कुणी लावलं नव्हतं. कावळ्याने टाकलं असेल किंवा कुणाच्या डब्यातून सांडलं असेल. मामाने त्याला काठी लावली, जुन्या वायरने सैलसर बांधलं आणि रोज सकाळी त्याच्याकडे बघत बसू लागला. दीड महिन्याने त्याला चार टोमॅटो लागले. त्यातला एक मामीने उभ्याउभ्या खाल्ला आणि काही न बोलता दुसऱ्याला हात घातला. मामा सांगतो, एकतीस वर्षांत त्याला एवढं मोठं प्रशस्तिपत्र कुणी दिलं नव्हतं.

चार वर्षांत गच्ची भरून गेली. रंगाचे रिकामे डबे, तडा गेलेला बाथटब, कुणीतरी टाकून दिलेलं बेसिन, मिळेल त्यात माती. पालक, घेवडा, वांगी, मिरच्या, गाजरं, कठड्यावर चढलेली काकडी आणि कोपऱ्यातल्या पिंपात एक अंजीर. अंजिराच्या फळावर मामाआधी बुलबुलाचा हक्क होता. मामीची बाजाराची पिशवी कांदे-बटाट्यांपुरती उरली. मामाची साखर उतरली. रोज सोळा बादल्या पाणी उचलणाऱ्या माणसाची ती उतरणारच. इमारतीतल्या सगळ्यांची सालं आणि देठं एका मोठ्या पिंपात जमू लागली, त्यांचं काळंभोर खत होऊ लागलं आणि जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्याचा वास गेला. लिफ्टमध्ये एकमेकांच्या चपलांकडे बघत उभी राहणारी माणसं गच्चीवर एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलू लागली.

मामाने गच्चीला कुलूप लावणं सोडलं. दाराच्या आत दोरीला एक कात्री बांधून ठेवली. ज्याला जे हवं ते त्याने कापून न्यावं, फक्त देठ ठेवून कापावं. आणि येईल त्याला तो एकच सांगायचा, "तोडा, बाहीला पुसा आणि खा. धुवायचीसुद्धा गरज नाही. इथे औषधाचा एक थेंब पडलेला नाही."

तळमजल्यावर एक म्हातारे कंपाउंडर राहायचे. आयुष्यभर औषधांच्या पुड्या बांधलेला माणूस, तो कुणाच्या शब्दावर कसला विश्वास ठेवणार? ते काकडी घरी नेऊन मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवत.

"काय कंपाउंडर, काकडीला आंघोळ घातली का?" मामा सगळ्यांसमोर विचारायचा. "साबण पाठवू? टॉवेल?"

सगळे हसायचे. कंपाउंडरही हसायचे, पण मीठ सोडायचे नाहीत.

तिसऱ्या मजल्यावर चित्रकलेच्या बाई राहत. जवळच्याच शाळेत शिकवायच्या. नवरा चष्म्याच्या दुकानात होता. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, दोनदा दिवस राहून काही टिकलं नव्हतं, आणि आता सातवा महिना चालू होता. इमारतीतली बायकामाणसं तिच्या पुढ्यात जपून बोलत, जणू मोठ्याने बोललं तरी काही सांडेल. तिच्या पोटात दुसरं काही ठरत नव्हतं. काकडी तेवढी ठरायची. ती सकाळी शाळेला जाण्याआधी हळूहळू गच्चीवर यायची, एक-दोन काकड्या कापायची आणि डब्यात टाकायची. मधल्या सुट्टीत खायची.

"मामा, हे बाळ काकडीच्या रंगाचं निघालं तर जबाबदारी तुमची," ती म्हणायची.

"निघू दे की. लपाछपीत जिंकेल."

एकदा तिने विचारलं, "माझ्या वर्गातली चाळीस मुलं सोमवारी इथे आणू का? त्यांना भाजी म्हणजे टोपलीतली वस्तू वाटते. झाडावरची काढू देत एकदा." मामाला रात्रभर झोप लागली नाही. एवढी मुलं, त्याची गच्ची बघायला! त्याने डबे पुसले, कठड्याला चुना मारला.

बुधवारी सकाळी घेवड्याच्या पानाखाली मावा दिसला.

मावा म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे-काळे किडे. एका पानावर दिसले तर चार दिवसांत सगळ्या वेलावर. मामाने साबणाचं पाणी मारलं, लसूण ठेचून त्याचं पाणी मारलं, बोटांनी पुसून काढले. आधीही त्याने असंच केलं होतं, पण आधी त्याला घाई नव्हती. गुरुवारी संध्याकाळी मावा काकडीवर पोचला होता. पानं मुडपून चिकट झाली होती. सोमवारी चाळीस मुलं येणार आणि बघणार काय, तर हे.

तो बियाण्यांच्या दुकानात गेला. काउंटरवर तो अर्धा तास मेथीचं बी बघत उभा राहिला आणि मग हळू आवाजात दुसरंच काही मागितलं.

मामा सवयीने कुठल्याही यंत्रावरची पाटी वाचल्याशिवाय त्याला हात लावत नाही. त्याने बाटलीवरचा कागदही वाचला. बारीक अक्षरात लिहिलं होतं, फवारणीनंतर सात दिवस फळे तोडू नयेत. वाचलं नव्हतं, असं तो कधीही म्हणाला नाही. त्याचा बेत असा होता: शुक्रवारी पहाटे फवारायचं, गच्चीला कुलूप लावायचं, टाकी धुवायची आहे म्हणून सांगायचं. सोमवारी मुलांना म्हणायचं, फक्त डोळ्यांनी बघा, चित्रं काढा, झाडाला हात लावू नका. सात दिवस संपले की पुन्हा दार उघडायचं. कुणाला कळायचं कारण नव्हतं.

शुक्रवारी साडेपाचला त्याने फवारलं. नाकाला रुमाल बांधून, एकेका पानाच्या खालून, नीट. मग हात धुवायला खाली आला. मामी झोपेत होती. त्याने तीनदा साबण लावला, तरी वास गेला नाही. मग चहा टाकला, दुसरा शर्ट शोधला, आणि मग कुलूप शोधलं. चार वर्षांत न लागलेलं कुलूप सापडायला वेळ लागला.

सातला तो कुलूप घेऊन वर गेला तेव्हा कात्री दोरीवर हलत होती. वारा नव्हता. कठड्याजवळच्या वेलावर दोन ताजे देठ होते, नीट, थोडे ठेवून कापलेले.

लिफ्टच्या कामात एक नियम असतो. यंत्राला हात लावायच्या आधी प्रत्येक मजल्यावर पाटी टांगायची, लिफ्ट बंद आहे. आधी पाटी, मग पाना. पाटी न लावता काम सुरू केलं म्हणून मामाने एका चांगल्या कारागिराला त्याच दिवशी घरी पाठवलं होतं आणि पुन्हा कधी कामावर घेतलं नव्हतं. ते दोन देठ बघताना त्याला तो कारागीर आठवला. त्याचं तोंड आठवलं. तो म्हणाला होता, साहेब, पाचच मिनिटांचं तर काम होतं.

बाई सव्वासातला शाळेत जायच्या. मामा धावत उतरला असता तर जिन्यातच गाठ पडली असती. तो धावला नाही. त्याने कुलूप लावलं, खाली आला आणि फोनशेजारच्या खुर्चीत बसला. मधली सुट्टी साडेदहाला व्हायची. तीन तास होते.

त्या तीन तासांत त्याने स्वतःला काय काय सांगितलं ते त्याने मला नंतर एकेक करून सांगितलं, गुन्ह्याची कबुली देतात तसं. कदाचित कंपाउंडरने नेल्या असतील. कदाचित ती सालं काढून खाईल. एका काकडीने काय होतंय? अख्खं गाव बाजारातली फवारलेली भाजी खातं, त्यांची पोरं जन्मत नाहीत का? हा शेवटचा विचार मनात आला तेव्हा त्याला स्वतःचीच किळस आली, असं तो म्हणाला. चार वर्षं ज्या बाजाराला त्याने नावं ठेवली, त्याच बाजाराच्या पदराआड तो आता लपत होता.

दहाला तो उठला. मामीला म्हणाला, "जरा पाय मोकळे करून येतो."

शाळा दहा मिनिटांवर, त्याला वीस लागली. दहा वाजून वीस मिनिटांनी तो फाटकाशी होता. रखवालदार स्टुलावर बसून नखं कापत होता.

"कुणाचे आजोबा?"

"कुणाचाच नाही."

"मग?"

"चित्रकलेच्या बाई..."

"बोलावू?"

मामाने वाक्य जुळवून ठेवलं होतं. तीन प्रकारे जुळवलं होतं. पण प्रत्येक वाक्य 'मी'ने सुरू होत होतं, आणि त्या एका अक्षरापुढे त्याची जीभ जाईना.

"नको," तो म्हणाला. "राहू दे."

"निरोप काही?"

"काही नाही. असाच आलो होतो."

रखवालदाराने खांदे उडवले आणि पुन्हा नखाकडे वळला. मामा निघाला. कोपऱ्यावर पोचतो न पोचतो तोच मागे घंटा झाली आणि सगळी शाळा एकदम बाहेर फुटल्यासारखा आवाज आला. त्याने मागे वळून पाहिलं नाही. उलट पावलं भरभर टाकली.

घरी मामी त्याचा पहाटेचा शर्ट हातात घेऊन उभी होती.

"हा कसला वास?"

"कसला?"

"मी विचारतेय. आणि वर कुलूप का? मी मिरच्या आणायला गेले होते."

"टाकी धुवायची आहे."

"टाकी गेल्या महिन्यात धुतली." मामीने शर्ट पुन्हा हुंगला. आणि तिला कळलं. बत्तीस वर्षांच्या संसारात असं कळायला कागद वाचावा लागत नाही. "लोका सांगे ब्रह्मज्ञान," ती हळूच म्हणाली. पुढचं बोलली नाही. मग एकदम घाबरून, "कुणी काही नेलं का वरून?"

मामाने दोन बोटं वर केली.

"कुणी?"

तो जमिनीकडे बघत राहिला. खाली तिसरा मजला होता. मामीने चपला घातल्या.

"चला."

"तू सांग तिला. तू बाईमाणूस आहेस, तुझं ती..."

"मी? पंप माझ्या हातात होता का? मी नुसती बरोबर येते. तोंड तुमचं, तुम्हीच उघडा. आणि ती बाटली घ्या. डॉक्टरला लागेल."

या वेळी मामी होती, म्हणून रखवालदाराने काही विचारलं नाही. त्याने मामाकडे एकदा पाहिलं, इतकंच. बाई शिक्षकांच्या खोलीतून बाहेर आल्या. बोटांना निळा रंग लागलेला होता. दोघांना बघून आधी हसल्या.

मामाने सांगितलं. 'मी'पासून सुरुवात केली. "मी आज पहाटे काकडीवर औषध मारलं. किड्यांचं. तुम्ही नेलेल्या दोन..."

हसू जायला थोडा वेळ लागला. मग तिचा हात पोटावर गेला, निळ्या बोटांसकट.

"एक खाल्ली मी. आत्ता सुट्टीत." ती थांबली. "न धुता. तुम्ही सांगता तशी, बाहीला पुसून."

मामी म्हणाली, "चल बाळा, आधी दवाखान्यात."

"किती वाजता मारलं होतंत?"

"साडेपाचला."

"मी सातच्या जरा आधी आले होते. पानं ओली होती. मला वाटलं, पाणी घातलंत." मग तिने मामाकडे सरळ पाहिलं. "तुम्हाला कधी कळलं, मी नेल्यात ते?"

मामा म्हणाला, "आत्ताच."

एकच शब्द. तो आधीपासून तोंडात तयार होता की तिथे जन्मला, हे त्यालाही सांगता येत नाही. मामीलाही तो खराच वाटला.

डॉक्टरांनी बाटलीवरचा कागद वाचला, बाईंना दोन दिवस नजरेखाली ठेवलं. पोटात थोडं मळमळलं, ते भीतीने की औषधाने कुणास ठाऊक. बाळाचे ठोके नीट होते. तिचा नवरा दुकानातून धावत आला होता, चष्म्याच्या काचा पुसायचा कपडा तसाच हातात. मामा दवाखान्याच्या बाकावर मार खायच्या तयारीने बसला होता. नवऱ्याने त्याचा हात धरला.

"मामा, तुम्ही येऊन सांगितलंत. दुसऱ्या कुणी तोंडाला कुलूप लावलं असतं."

मामा म्हणतो, थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी त्याने गच्चीच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं, कोणी फवारलं, काय, कधी, आणि कुठल्या तारखेपर्यंत काहीही तोडू नये. सोमवारी मुलं आली ती बदली शिक्षकांबरोबर. मामाने त्यांना दारातच सगळं सांगितलं. मुलांनी लांबून चित्रं काढली. जिन्यात कंपाउंडर भेटले. मामा वाट बघत उभा राहिला, की आता हा मिठाचं काहीतरी बोलेल. कंपाउंडर म्हणाले, "चुकतं माणूस," आणि बाजूने निघून गेले.

दोन महिन्यांनी बाईंना मुलगी झाली. चांगली सव्वातीन किलोची, रडण्यात पटाईत. इमारतीत मामाची किंमत उतरायच्या ऐवजी चढली. बाईंचा नवरा येईल-जाईल त्याला सांगायचा, "चूक सगळेच करतात, पण पायांनी चालत येऊन कबूल करणारा एक मामाच." कुणी असं म्हटलं की मामा पाण्याची बादली उचलून दुसऱ्या टोकाला जायचा. मामी त्याला विनय समजायची.

बाग त्याने मोडली नाही. पुढच्या वर्षी घेवड्यावर पुन्हा मावा आला. मामाने बोटांनी पुसला, साबणाचं पाणी मारलं, आणि निम्मा वेल गेला तो जाऊ दिला. कुणी भाजी न्यायला आलं की तो आता सांगायचा, "धुऊन घ्या." एवढंच. बाकी भाषण बंद झालं. लोकांनी भाजी नेणं मात्र बंद केलं नाही. ती ताजी होती, चवदार होती, आणि शेवटी ती त्यांच्याच सालांवर पोसलेली होती.

मुलगी सात महिन्यांची झाली तेव्हा बाई जिन्यात भेटल्या.

"मामा, डॉक्टर म्हणाले, आता गाजर शिजवून, कुस्करून द्यायला लागा. तुमच्याकडची निघाली का? बाजारातून आणायला मन होत नाही. तुमच्यावर कसा डोळे मिटून विश्वास टाकता येतो."

मामाने त्याच दुपारी गाजरं उपटली. तीन बारीक, वाकडी, पाल्यासकट. नळाखाली माती निघेपर्यंत धुतली आणि तिसऱ्या मजल्यावर गेला. बाईंनी दार उघडलं. मुलगी कडेवर होती. तिने लगेच हात लांब करून गाजराचा पाला मुठीत धरला.

"अगं, हो हो, तुझाच आहे," बाई हसल्या. "या ना मामा, आत या."

"आत नको. एक सांगायचंय." मामाने गाजरं सोडली नाहीत, मुलीनेही पाला सोडला नाही. "त्या दिवशी मला आत्ताच कळलं म्हणालो होतो. ते खोटं होतं. मला सातलाच कळलं होतं. दहा वाजून वीस मिनिटांनी मी तुमच्या शाळेच्या फाटकाशी होतो."

"सुट्टीच्या आधी?"

"हो."

"मग?"

"रखवालदार बोलावतो म्हणाला. मी नको म्हटलं. आणि परत गेलो."

मामाला वाटलं, ती रडेल किंवा ओरडेल. तिने मुलीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. मग मुलीच्या मुठीची बोटं एकेक करून सोडवली, पाल्यापासून, अगदी हळू, लागू नये अशी. पाचवं बोट सुटल्यावर मुलगी कुरकुरली.

"मला वाटायचं," बाई म्हणाल्या, "तुम्हाला कळल्याबरोबर तुम्ही धावत आलात." आणि थोड्या वेळाने, "मी सगळ्यांना तेच सांगितलं."

दार तिने आपटलं नाही. ते सावकाश लागलं.

मामा गाजरं घेऊन वर आला. मामी ओट्याशी होती. तिने त्याच्या हाताकडे पाहिलं.

"काय हो, घेतली नाहीत?"

"नाही."

"का? घरी नाही का ती? बरं, द्या इकडे, संध्याकाळी आपण खाऊ."

तिने हात पुढे केला. मामाने गाजरं ओट्यावर ठेवली आणि स्टूल ओढलं.

"बस जरा," तो म्हणाला. "तुलाही सांगायचं राहिलंय."